इस्पितळातला नोकर कोणाचा?



या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय आणि अध्यात्म या विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात आणि पुण्याच्या कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. वकीलसाहेबांची वाट पाहत बसलो असता त्यांच्याच पिशवीतली पुस्तके वाचून आम्ही कायदा शिकलो. तेव्हा आजच्या बोलण्यात पांडित्य मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण विषय असा आहे की त्याच्याशी आपणां प्रत्येकाची गाठ एक ना एक दिवस पडतेच. इस्पितळाची पायरी न चढलेला माणूस या सभेत एकही नसेल.

प्रथम एक हकिकत सांगतो. करोनाची दुसरी लाट ओसरल्यानंतरची ही गोष्ट आहे. बारामती आणि इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांपैकी एका ठिकाणी एक खाजगी इस्पितळ आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण एका इस्पितळाला नावे ठेवण्यासाठी आम्ही येथे आलेलो नाही. तेथे सफाई करणाऱ्या एक बाई होत्या. डॉक्टरांपासून रुग्णांपर्यंत सारेच त्यांना मावशी म्हणत. एके दिवशी कचऱ्याची पिशवी उचलताना आतली सुई त्यांच्या बोटात घुसली. वापरलेली सुई पिशवीत जायलाच नको होती. तिच्यासाठी पांढरा, न फुटणारा डबा असतो. सुई कोणत्या रुग्णाची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मावशींनी बोट नळाखाली धुतले आणि उरलेले झाडून काढले.

रात्री त्यांच्या मुलाने आम्हांस फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. व्यवस्थापक म्हणाले, “बाई आमच्या नव्हेत, ठेकेदाराच्या आहेत.” ठेकेदार पुण्यात. तो म्हणाला, “माणसे आम्ही पुरवतो, काम इस्पितळ घेते. सुई इस्पितळाची, जबाबदारीही त्यांचीच.” मावशींपाशी नेमणुकीचा कागद नव्हता, पगाराची चिठ्ठी नव्हती. सहा वर्षे ज्या जागी काम केले तेथे त्या कोणाच्याच नव्हत्या. रक्त तपासायचे कोणी, इंजेक्शनचे पैसे द्यायचे कोणी, हा प्रश्न दोन दिवस टेबलावर पडून राहिला. आणि अशा वेळी पहिले दोन-तीन दिवसच तर मोलाचे असतात.

इस्पितळातला नोकर कोणाचा, हा प्रश्न नवा नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो आपल्या मुंबईतूनच गेला. जे. जे. समूहाच्या इस्पितळांतील दोन वॉर्ड-नोकरांना सरकारने कामावरून कमी केले आणि कायद्याप्रमाणे द्यावयाची भरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा न्यायालयात गेली. सरकारचे म्हणणे असे, की इस्पितळ म्हणजे काही कारखाना नव्हे; तेथे नफा नाही, माल नाही; मग औद्योगिक कलहाचा कायदा तेथे कसा लागेल? १९६० साली निकाल लागला. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिले त्याचा भावार्थ असा, की नफा आहे की नाही हा प्रश्नच नाही. मालक आणि नोकर यांच्या सहकार्याने, पद्धतशीर रीतीने, समाजाची गरज भागविणारे काम चालत असेल तर तो उद्योग होय.

परंतु न्यायाची वाट सरळ नसते. १९७० साली दिल्लीच्या सफदरजंग इस्पितळाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हा निकाल फिरविला, आणि १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायाधीशांनी तो पुन्हा उभा केला. १९८२ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून इस्पितळे उद्योगाच्या व्याख्येतून वगळली, पण ते कलम कधी अमलातच आणले गेले नाही. म्हणजे इस्पितळाचा नोकर बावीस वर्षांत एकदा आत, एकदा बाहेर, पुन्हा आत, आणि शेवटी उंबरठ्यावर उभा!

आपल्या भागातील लोकांना हे चमत्कारिक वाटेल, कारण आपण साखर कारखान्यांच्या सावलीत वाढलो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे कामगार कोणाचा, असे कोणी विचारीत नाही. १९५७ साली साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमले गेले. हंगामी कामगार कारखाना थंड पडल्यावर घरी जातो, पण त्याचे नाव पटावर राहते आणि बिगरहंगामात थोडाबहुत भत्ताही हाती पडतो. इस्पितळ तर कधीच थंड पडत नाही. दिवाळीच्या रात्री सोलापूर रस्त्यावर भिगवणपाशी अपघात झाला तरी तेथे दिवा जळतो आणि परिचारिका जागी असते. वर्षाचे सहा महिने चालणाऱ्या कारखान्याला आपला माणूस ओळखता येतो, आणि बारा महिने चालणाऱ्या इस्पितळाला येत नाही, याला काय म्हणावे?

आता डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. तालुक्याच्या गावी वीस खाटांचे इस्पितळ चालविणारा डॉक्टर हा काही गिरणीमालक नव्हे. त्याच्या डोक्यावर बँकेचे कर्ज असते, यंत्रांचे हप्ते असतात, आणि बिल बुडविणारेही आपल्यातलेच असतात. पगारपत्रक, फंड, रजेचा हिशोब हे शास्त्र वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत नाहीत. मग कोणीतरी सल्ला देतो, “साहेब, ठेका देऊन टाका, कटकट मिटली.” डॉक्टरला वाटते की आपण झाडलोटीचा ठेका दिला, प्रत्यक्षात त्याने जबाबदारीचाच ठेका दिलेला असतो.

पण जबाबदारी अशी ठेक्याने जाते काय? याचे उत्तर रुग्णांच्या खटल्यांत सापडते. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. पुढे २००४ साली सविता गर्ग यांच्या खटल्यात एका इस्पितळाने असा बचाव केला, की उपचार करणारा डॉक्टर आमचा नोकर नव्हे, तो बाहेरून येणारा. न्यायालयाने तो मानला नाही. रुग्ण इस्पितळावर विश्वास ठेवून येतो. आतला माणूस पगारी आहे की फीवर येणारा, हे त्याने पाहायचे नसते. दर गुरुवारी पुण्याहून इंदापूरला येणाऱ्या तज्ज्ञाबद्दलही इस्पितळाला “तो आमचा नव्हे” म्हणता येत नाही. आमचा साधा प्रश्न असा, की आठवड्यातून दोन तास येणारा सर्जन रुग्णापुढे इस्पितळाचा ठरतो, तर रोज आठ तास फरशी पुसणाऱ्या मावशीच तेवढ्या परक्या कशा?

आता नव्या कायद्यांकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने एकोणतीस कायदे त्यांत विलीन झाले. त्यांत आपल्या उपयोगाचे काय, एवढेच थोडक्यात सांगतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, आणि नोकरी सुटली तर हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे. मुदतीच्या नेमणुकीवरील माणसाला तेच काम करणाऱ्या कायम माणसाइतकाच पगार आणि सवलती आहेत. हे चांगले आहे, आणि चांगल्याला आम्ही चांगले म्हणतो.

पण दोन दारे उघडी राहिली आहेत. पहिले असे, की मुख्यतः धर्मादाय किंवा समाजसेवेचे काम करणाऱ्या संस्थांची आस्थापने उद्योगाच्या नव्या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणजे विश्वस्त संस्थेच्या इस्पितळातील परिचारिकेपुढे १९६० सालचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. संस्था दान करते हे खरे, पण दान संस्थेने करावे; नोकराच्या पगारातून ते का कापावे? दुसरे दार ठेक्याचे. मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. परंतु झाडलोट, कचरा आणि पहारा ही कामे सामान्यतः मुख्य काम मानलेली नाहीत. शिवाय हे प्रकरण पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथेच लागू होते. कचेरीत धूळ राहिली तर कागद मळतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत घाण राहिली तर माणूस जातो. मग इस्पितळातली सफाई हे दुय्यम काम कसे, हे आम्हांस अजून कोणी पटवून दिलेले नाही.

सरकारही याला अपवाद नाही. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव आशा ताई आल्या. त्यांना कामगार म्हटले नाही, स्वयंसेविका म्हटले. पगार म्हटले नाही, मोबदला म्हटले. एप्रिल २०२० मध्ये बारामतीत ‘भिलवाडा पॅटर्न’ राबविला गेला. त्या दिवसांत लोक दारे लावून बसले असता आशा ताई दारोदार फिरत होत्या. शब्द बदलला की हक्क बदलतो, ही युक्ती खाजगी ठेकेदाराने कोठून उचलली, हे यावरून कळेल.

आता मावशींची हकिकत पुरी करतो. तिसऱ्या दिवशी आमच्या हाती जो कायदा आला तो कामगारांचा नव्हताच, तो कचऱ्याचा होता. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे २०१६ सालचे नियम सांगतात, की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वात यांची लस देणे, संरक्षक साधने पुरविणे आणि वर्षातून एकदा तरी तपासणी करणे हे इस्पितळाच्या चालकाचे कर्तव्य आहे. तेथे ठेकेदाराचा आणि इस्पितळाचा असा भेद नाही. तो कागद टेबलावर ठेवताच व्यवस्थापकांचा सूर बदलला. मावशींची तपासणी झाली, आणि सर्व सफाई कामगारांना लसीचे तीन डोस मिळाले. मावशींना काही बाधा झाली नाही, पण हे कळायला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत त्यांनी घरातल्या नातवाला जवळ घेतले नाही. ते सहा महिने कोणत्याही संहितेत भरून मिळत नाहीत.

आमच्या मनाला लागलेली गोष्ट ही, की माणसाचा कायदा कमी पडला तेथे कचऱ्याचा कायदा मदतीला आला.

श्रोतेहो, आपणांकडे आमचे एकच मागणे आहे. इस्पितळात गेल्यावर आपण दरफलक पाहतो, डॉक्टरांच्या पदव्या वाचतो. त्याबरोबर आपली खाट आवरणाऱ्या बाईला एवढेच विचारा, “मावशी, नेमणुकीचा कागद मिळाला का?” सभेत डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी उद्या सकाळी ही यादी स्वतःच पाहावी, युनियनवाल्याची वाट पाहू नये. आमचे काम त्यामुळे कमी झाले तर आम्हांस आनंदच आहे.