ग्राहकयंत्राची देवडी



जुन्या वाड्यांत शिरतांना प्रथम देवडी लागत असे. आलेला माणूस तेथें पारखला जाई आणि मगच त्याला चौकांत प्रवेश मिळे. बिनतारी ग्राहकयंत्रालाहि अशीच एक देवडी असते. एरियलकडून आलेली लहर प्रथम तेथें थांबते. नको त्या लहरी अडविणारी गाळणी आणि क्षीण लहर मोठी करणारा वर्धक हे तेथील मुख्य पहारेकरी. आपल्या मोबाइलमध्यें इंटरनेट येतें तें याच वाटेनें. ही देवडी बांधणें अवघड कां, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

पहिली अडचण खरखरीची. पदार्थाच्या उष्णतेमुळें त्यांतील इलेक्ट्रॉन सदैव अस्वस्थ असतात व त्यामुळें विद्युन्मंडलांत खरखर उत्पन्न होते, हें १९२८ सालीं जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं दाखविलें. लहरींचा पट्टा जितका रुंद, तितकी ही खरखर अधिक. मध्यम लहरींवरील भाषणाला सुमारें १० किलोहर्ट्झचा पट्टा पुरतो. वायफायला निदान २० मेगाहर्ट्झचा लागतो. म्हणजे रुंदी दोन हजार पट आणि खरखरहि दोन हजार पट!

१९४४ सालीं हॅरल्ड फ्रिस यांनीं याचा हिशेब मांडला. पहिल्या पायरीची खरखर सगळीच्या सगळी पदरांत पडते. पुढील पायऱ्यांची मात्र आधींच्या वर्धनानें भागली जाते. म्हणून पहिला वर्धक अत्यंत शांत हवा. त्याच्यापुढें गाळणी बसवावी, तर तिच्यांत संदेशाचा थोडा अंश खर्ची पडतो आणि तें नुकसान मागाहून भरून निघत नाहीं. गाळणी काढावी, तर शेजारची दांडगी लहर वर्धकाला गुदमरवून टाकते. कानाचा तिखटपणा आणि छातीचा धीटपणा, दोन्ही एकाच नोकरांत शोधावयाचे!

हा पेंच केवळ कागदावरचा नव्हे. अमेरिकेंत लाइटस्क्वेअर्ड या कंपनीला १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत जमिनीवरील मनोरे उभारून इंटरनेट पुरवावयाचें होतें. जानेवारी २०११ मध्यें तिला सशर्त परवानगी मिळाली. परंतु शेजारींच, १५७५ मेगाहर्ट्झवर, जीपीएसचे उपग्रह बोलत असतात. वीस हजार किलोमीटरांवरून येणारा त्यांचा संदेश किती क्षीण? एका वॅटचे एक अब्ज भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हा एक कोटी करावे. जो कण उरेल, जवळजवळ तेवढाच! आजवर शेजारीहि उपग्रहच, तेव्हां तेहि कुजबुजणारे. म्हणून कित्येक जीपीएस यंत्रांच्या देवड्या ऐसपैस बांधलेल्या होत्या. मनोऱ्यांच्या गर्जनेपुढें त्या टिकेनात, असें चांचणींत दिसून आलें. कंपनी म्हणाली, आम्ही आमच्याच हद्दींत आहोंत. तुमची यंत्रें परक्या अंगणांत कान देतात. तें सर्वस्वीं खोटें नव्हतें. परंतु विमानें व शेतकरी ज्या यंत्रांवर विसंबून होते, तीं एका रात्रींत बदलणें शक्य नव्हतें. फेब्रुवारी २०१२ मध्यें परवानगी मागें घेण्याचा प्रस्ताव निघाला आणि मे महिन्यांत कंपनीनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला.

तात्पर्य इतकेंच कीं, देवडी बांधतांना आजचा शेजार पाहून भागत नाहीं. उद्यां तेथें कोण राहावयास येईल, याचाहि विचार करावा लागतो.