आधी काय बंद करायचं?



इसब झालेला माणूस दवाखान्यात येतो आणि खुर्चीत बसता बसताच विचारतो, "डॉक्टर, यावर काय लावू?" सोबत आलेली आई किंवा सासू तोवर पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर काढते. कडुलिंबाच्या पाल्याची पूड, हळद, तुरटी, शेजारणीने दिलेली अर्धी पिळलेली ट्यूब. हे सगळं लावून झालेलं असतं. म्हणून आज मी उलटा प्रश्न घेतला आहे : काय लावायचं बंद करू? इसबात पहिला उतार बहुतेक वेळा या प्रश्नाच्या उत्तराने पडतो.

इसब संसर्गाने पसरत नाही. एका टॉवेलने, एका ताटाने ते लागत नाही, आणि 'रक्त बिघडलं' म्हणूनही ते होत नाही. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. इसबाच्या त्वचेत हा चुना कमी पडतो. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिलं की, फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असेल, तर इसबाची शक्यता बरीच वाढते. म्हणूनच एकाच घरात कुणाला इसब, कुणाला दमा, तर कुणाला सकाळी उठल्यावर शिंकांची माळ, असं दिसतं. त्वचा कोरडी पडली की खाजते, खाजवलं की आणखी फाटते, आणि फाटली की पुन्हा खाजते. हे चक्र तोडणं एवढंच आपलं काम.

आता साबण. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण 5. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच 9 ते 10. म्हणजे फेस जितका जास्त, तितकी ही आम्लता आणि स्निग्धता धुऊन जाणार. काखा, जांघा आणि पावलं एवढ्यालाच साबण लावा, बाकी अंगाला पाणी पुरतं. बंबातलं कढत पाणी खाजेवर पडलं की क्षणभर फार बरं वाटतं, पण तासाभरात खाज दुप्पट होऊन परत येते. पाणी कोमट घ्या, आणि पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरका.

बायकांच्या हातांवरचं इसब पाहायचं असेल तर अंगठी सरकवून पाहा. बाकी बोटं नुसती कोरडी असतात, पण अंगठीखालची कातडी लाल, ओलसर आणि चिरलेली दिसते. भांड्यांच्या वडीचं पाणी तिथे साचून राहतं. कामाआधी अंगठी काढून ठेवा. रबरी हातमोजे घालाल तर आत सुती मोजे हवेत, नाहीतर घामानेच हात खाजू लागतील. कपडे धुताना पावडरचा अंश राहू नये म्हणून एकदा जास्तीचं खळबळा.

अंघोळ झाली की अंग पुसू नका, टिपा. त्वचा ओलसर असतानाच मलम लावायचं. ते महागडंच हवं असं नाही, बिनवासाची पेट्रोलियम जेलीही उत्तम चालते. प्रमाणात मात्र कंजुषी होते. मोठ्या माणसाच्या अंगभर इसब असेल, तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो मलम लागतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरली, म्हणजे ती लावलीच नाही असं समजा.

तेलांबद्दल हमखास विचारतात. खोबरेल बऱ्याच जणांना मानवतं. मोहरीचं तेल आणि ऑलिव्ह तेल मात्र त्वचेचं हे आवरण दुबळं करतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. फुटलेल्या कातडीवर शेंगदाण्याचं तेलही नको. खाण्याच्या पदार्थाची ओळख शरीराला तोंडावाटे होण्याआधी फाटक्या त्वचेतून झाली, तर त्याची ॲलर्जी बसण्याचा धोका असतो. याच कारणाने इसब असलेल्या बाळाला डाळीचं पीठ चोळू नका. उटणंही खरखरीत, दिवाळीत बाकीच्यांनी लावावं. आणि अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी देतात, तीही बंद ठेवा. धूर त्वचेलाही सोसत नाही आणि छातीलाही.

झाडपाला आहे म्हणजे अपाय नाही, हा समज सोडायला हवा. बिब्बा झाडाचाच, पण त्याच्या तेलाने अंगावर फोड उठतात. गाजरगवतही झाडच. 1950 च्या दशकात ते पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नजरेत आलं, आणि आज राज्यभर बांधांवर, रेल्वेच्या कडेला माजलं आहे. त्याचे वाळलेले कण वाऱ्यावर उडतात. शेतकऱ्याचा चेहरा, पापण्या, मान, कोपरांच्या खाचा लाल होऊन जाड पडल्या, आणि सदऱ्याखालची पाठ मात्र स्वच्छ राहिली, तर मला आधी या गवताची शंका येते. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं. ज्याला त्रास आहे त्याने हे काम दुसऱ्याला सांगावं, आणि शेतातून आल्यावर कपडे बदलून हातपाय धुवावेत. नकली दागिन्यांतलं निकेल, पट्ट्याचं बक्कल, टिकलीचा गोंद, हीसुद्धा अशीच नेहमीची कारणं. पुरळ जिथे उठलं तिथे काय टेकतं, हे बघा.

पथ्याचं काय? वांगं बंद, आंबट बंद, मासे बंद, दूध बंद, ही यादी बहुतेकांच्या इसबाला काही करत नाही, मुलांचं वजन मात्र घटवते. अमुक पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी लगेच गांधी उठत असतील, तर डॉक्टरांशी बोलून तेवढाच वगळा. त्यापेक्षा एक वही ठेवा. इसब उसळलं त्या दिवशी काय घातलं, काय धुतलं, किती घाम आला, झोप झाली का, परीक्षेचा ताण होता का. काही आठवड्यांत तुमचं कारण तुम्हालाच सापडेल.

शेवटचं, त्या अर्ध्या पिळलेल्या ट्यूबविषयी. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. डॉक्टरांनी नेमून दिलेलं स्टेरॉइड, नेमून दिलेले दिवस लावलं तर ते इसबाचं चांगलं औषध आहे, त्याला भिऊ नका. पण तेच नायट्यावर लावलं तर नायटा पसरतो, आणि चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, तर ते इसब नसून खरूज असू शकते, तिचं औषध वेगळं आणि ते सगळ्यांनी एकदम घ्यायचं. जखमेतून पू येऊ लागला, ताप आला, एकाएकी दुखऱ्या फोडांचे पुंजके उठले, किंवा खाजेने मूल रात्र-रात्र जागू लागलं, तर घरचे उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या सोबत न्या. काय बंद करायचं ते त्यांवरूनच ठरेल.