टाकाऊ डबे आणि मोलाचे दागिने



सराफाकडून मिळणारी मखमली पेटी दिसावयास सुरेख असते, यात शंका नाही. परंतु तिच्यात सारेच दागिने एकत्र कोंबले, म्हणजे नथीची तार साखळीत अडकते, बांगडीची कड मोत्यांवर घासते आणि ऐन लग्नघाईत गुंता सोडवीत बसावे लागते. म्हणून घरातील रिकामे डबे, पुठ्ठे आणि जुनेर यांतून दागिन्यांची पेटी कशी सिद्ध करावी, याविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवावा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना अर्ध्यापर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकविल्या, की खण तयार होतात. खणांना अस्तर जुन्या सुती लुगड्याचे द्यावे. त्यातील खळ मात्र धुऊन पार काढून टाकावी. खळीवर कसर येते. याच कारणास्तव अस्तर न चिकटविता टाक्यांनी बसवावे. बांगड्यांसाठी कापडाच्या ताग्यातील पुठ्ठ्याची नळी उत्तम. साखळीची कडी लावून ती फडक्याच्या घडीत गुंडाळली, की गुंतत नाही.

येथवरचे काम हाताचे झाले. पुढचे विचाराचे आहे. कारण चांदी आणि मोती यांचा स्वभाव अगदी निराळा, आणि आपण दोघांनाही एकाच डब्यात नांदावयास लावतो.

चांदी काळवंडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. अंडे खाताना चांदीचा चमचा काळा पडतो, त्याचे कारणही हेच. म्हणून पैंजण, जोडवी यांना घट्ट झाकणाचा स्वतंत्र डबा द्यावा. त्यांस रबराचा वेढा घालू नये. रबरात गंधक असते आणि वेढा होता तेथे काळी रेघ उमटते. लोकरीचे फडकेही नको. आगपेटीचा रिकामा खण जोडव्यांसाठी बेताचा वाटतो खरा, पण काडीच्या गुलातही गंधक असते. त्या डब्यात खडूचा वाळलेला तुकडा टाकावा. तो थोडाफार ओलावा शोषून घेतो. (आम्हां शिक्षकांच्या टेबलावर असे तुकडे हवे तेवढे सापडतात!)

मोत्यांना मात्र खडू नको आणि हवाबंद कोंडमाराही नको. मोती चुनखडीच्याच जातीच्या द्रव्याचा बनलेला असून त्याचे थर सेंद्रिय पदार्थाने सांधलेले असतात. फार कोरडेपणाने त्याला चिरा जातात, तर घाम, अत्तर, लिंबाचा रस यांनी त्याचे पाणी उतरते. तो सोन्याच्या तुलनेत फारसा कठीण नसतो आणि हिऱ्याच्या घर्षणाने तर सहज ओरखडतो. तेव्हा नथ, तन्मणी, चिंचपेटी यांना धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून वेगळ्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीवाचून ठेवावे. वापरानंतर मऊ कोरड्या फडक्याने पुसूनच आत ठेवावे.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. सोने झिजले तर सोनार ते पुन्हा घडवून देतो. पण आजीच्या नथीतील मोती बसऱ्याचे असतील, तर त्यांची भरपाई सोपी नाही. इराणच्या आखातातील त्या नैसर्गिक मोत्यांचा व्यापार १९३० च्या दशकात जपानमधील संवर्धित मोत्यांपुढे कोसळला. आज तसा जुळणारा एक मोती शोधावयाचा, तर जुन्या दागिन्यांतूनच शोधावा लागतो. घरोघरीच्या कपाटांत असे किती मोती निस्तेज होत पडले असतील!

मोत्यांच्या सरांतील दोराही वर्षातून एकदा पाहावा. तो सैल किंवा मळकट दिसू लागला, की तुटण्याची वाट न पाहता पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात ओवून घ्यावा आणि प्रत्येक मोत्यामागे गाठ मारावयास सांगावे, म्हणजे दोरा तुटलाच तर एखादाच मोती निखळेल, सारे घरभर विखुरणार नाहीत.

डबा ठेवावा तो स्वयंपाकघरापासून दूर, ओल न येणाऱ्या भिंतीच्या कपाटात. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात तर श्रावणातले ऊन पडले, की दुपारी तासभर अस्तरे बाहेर काढून वाळवावीत. दागिने मात्र सावलीतच राहू द्यावेत.