सातवाहन ते शालिवाहन : एका राजनामाचा प्रवास

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या पंचांगावर आणि लग्नपत्रिकेवर 'शालिवाहन शके' ही अक्षरे असतात. हा शालिवाहन कोण आणि त्याच्या नावाचा अर्थ काय, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर शोधू लागले की आपण प्राकृत भाषेकडे आणि जैन वाङ्मयाकडे येऊन पोहोचतो.

प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथे राज्य करणाऱ्या कुळाचे हे नाव. नाणेघाटाच्या लेण्यात 'सिमुक सातवाहन' असे कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यात त्याच कुळाला 'सादवाहन' म्हटले आहे. पुढे या 'त'चा 'ल' झाला. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात यासाठी स्वतंत्र नियमच सांगितला. 'अतसी' आणि 'सातवाहन' या दोन शब्दांत 'त'च्या जागी 'ल' येतो, म्हणून 'अलसी' आणि 'सालवाहण' किंवा 'सालाहण'. इतवारीच्या धान्यबाजारात ज्यांची हयात गेली त्यांना अळशी, म्हणजे आपला जवस, काय ते सांगायला नको. अतसीची अळशी झाली, त्याच वाटेने सातवाहनाचा सालवाहन झाला. पुढे संस्कृतात 'साल'चे 'शालि' झाले आणि शालिवाहन अवतरला. साळीच्या भाताशी या नावाचा मुळात संबंध नाही. आपल्या 'इतवारी'तही आदित्यवार असाच झिजून बसला आहे.

अर्थाविषयी मात्र एकमत नाही. काश्मीरचा सोमदेव 'कथासरित्सागरा'त सांगतो की, 'सात' नावाचा यक्ष सिंहरूपाने या बालकाचे वाहन झाला, म्हणून तो सातवाहन. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्पा'त निराळी व्युत्पत्ती दिली. प्रतिष्ठानच्या कुंभाराघरी वाढणारा हा मुलगा मातीचे हत्ती-घोडे करून सवंगड्यांना वाहने म्हणून देई. 'देणे' या अर्थाच्या धातूवरून तो सातवाहन झाला. आधुनिक काळात प्रशिलुस्की या पंडिताने मुंडा भाषांतील शब्दांवरून 'अश्वपुत्र' असा अर्थ सुचविला. या राजांच्या चांदीच्या नाण्यांवर तर एका बाजूस प्राकृत 'सिरि' आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी 'तिरु' आहे. प्रत्येक भाषेने या राजांना आपल्या परीने आपलेसे केले.

कालगणनेची कथा अधिक विलक्षण आहे. इ.स. 78 मध्ये सुरू झालेल्या या गणनेला जुने लेख शकांच्या नावानेच ओळखतात; शालिवाहनाचे नाव तिला अनेक शतकांनंतर जोडले गेले. ज्या कुळातील गौतमीपुत्र सातकर्णीने शक-क्षहरातांचा पराभव केला, त्याच कुळाचे नाव शकांच्या संवताला मिळाले!

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आठवण कालकाचार्य-कथेत आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाने आचार्यांना विनंती केली की, भाद्रपद शुद्ध पंचमीस इंद्रमहोत्सव असतो, तेव्हा पर्युषणपर्व षष्ठीला करावे. पंचमी ओलांडता येत नाही, असे आचार्यांनी सांगितले; तेव्हा चतुर्थी ठरली. आज कोणी चतुर्थीस संवत्सरी करतात, कोणी पंचमीस. दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होते. या भेदावरून आपल्यात कटुता येऊ नये, एवढेच मला सुचवायचे आहे. कथेतील राजा पर्वात सहभागी होता यावे म्हणून विनंती करतो, आणि आचार्य मर्यादा राखून वाट काढतात. क्षमेच्या दिवसावरून भांडण व्हावे, याहून मोठी विसंगती कोणती?

हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण मुनींनी ते लिहिले आणि श्रावकांनी त्या पोथ्या जपल्या. आपल्या मंदिरांतील व घरांतील पोथ्यांची सूची करण्याचे काम या सुवर्णमहोत्सवी वर्षात हाती घ्यावे, अशी विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. वाळवी लागलेल्या पानाबरोबर एखाद्या नावाचा अर्थही कायमचा जातो.

जय जिनेंद्र.