घाट उतरताना जुन्या जीपचे ब्रेक



बुलढाण्याहून माल घेऊन मोताळा, मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो. तेथे डिझेल वाचावे म्हणून इंजिन बंद करून जीप सोडणे जिवावर बेतू शकते. ब्रेकला जोर देणारा बूस्टर निर्वात पोकळीवर चालतो. डिझेल जीपमध्ये ही पोकळी इंजिनवर फिरणारा पंप तयार करतो. इंजिन थांबले की पंपही थांबतो. मग दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते.

बूस्टरची तपासणी घरीच करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा व शेवटी दाबूनच धरा. इंजिन सुरू करताच पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास नळी, व्हॉल्व्ह व पंप मेकॅनिककडून पाहून घ्यावेत.

बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक बूस्टर जुन्या गाडीलाही बसविता येतो. त्यास इंजिनाची निर्वात पोकळी लागत नाही. मात्र बॅटरी व अर्थिंग पक्के हवे. झिजलेले लायनर तो सुधारीत नाही, ते आधी बदलावेत. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लक्षात घेऊन असा बदल करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारावे.

गाडी कोणतीही असो, घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. वाचलेल्या थोड्याशा डिझेलपेक्षा घरी वाट पाहणारी माणसे मोलाची आहेत.