तीस तासांचं शिक्षण



साहित्याच्या व्यासपीठावर डॉक्टर उभा राहिला की श्रोते आधीच कडू औषध घेतल्यासारखा चेहरा करतात. पण विषय निवडायचं कार्यकर्त्यांनी माझ्यावर सोपवलं, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. डॉक्टर शिकायचा थांबतो तेव्हा काय होतं, ही. ती माझीच असल्यामुळे कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

साल २०११. माझा दवाखाना दांडिया बाजाराजवळ. पेशंटांची तिसरी पिढी चालू होती. चार वर्षांच्या एका मुलाला ताप होता. मी निमेसुलाइडचं पातळ औषध लिहून दिलं. कितीतरी वर्षं देत होतो. ताप झपकन उतरायचा, आई खूश, मीही खूश. अर्ध्या तासानं कोपऱ्यावरच्या केमिस्टचा फोन आला. माणूस गुजराती, पण आपल्यांत वाढलेला, मराठी तुमच्या-माझ्यासारखं बोलतो. म्हणाला, ‘साहेब, हे बारा वर्षांखाली देता येत नाही आता. बंदी आलीय.’

मी रागावलो. ‘चिठ्ठी कोण लिहितं, तुम्ही की मी?’ असंही बोलून गेलो. तो शांतपणे म्हणाला, ‘आजी इथंच बसल्यात, साहेब. पॅरासिटामॉल लिहून पाठवता का?’

रात्री शोधलं. फेब्रुवारीतच अधिसूचना निघाली होती. या औषधानं काही जणांच्या यकृताला इजा होते, म्हणून फिनलंड आणि स्पेननं ते २००२ सालीच थांबवलं होतं. म्हणजे नऊ वर्षं ही शंका जगात उघडपणे बोलली जात होती आणि मी ती ऐकली नव्हती. तेवढ्या काळात किती मुलांना ते दिलं, याची वही माझ्याकडे नाही. एखाद्याला कावीळ झाली असेल आणि ‘पाण्यातून आली’ म्हणून मी मोकळा झालो असेन. तेही आता कळायला मार्ग नाही. मंडळी, हे मी पहिल्यांदाच चारचौघांत बोलतो आहे.

आता तुम्ही विचाराल, डॉक्टरांना शिकायची सक्ती नाही का? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान तीस तास शिक्षणसभांना हजर राहावं, असं लिहिलं आहे. फार्मासिस्टांसाठी २०१५ सालचे नियम आहेत: पाच वर्षांत एकेका दिवसाचे निदान दोन उजळणीवर्ग. वर्षाला सहा तास! आपल्याकडच्या एका लग्नात याहून जास्त वेळ जातो. आणि त्या सहा तासांतही काय व्हायचं, तर हॉटेलातला गार हॉल, दारात सही, पडद्यावर कंपनीचं नवं औषध, मग जेवण. मीही जेवलो आहे. २००९ साली कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घ्यायला मनाई झाली, ते बरंच झालं. तरी सही करून निघून जाणाऱ्याला कुठला नियम शिकवणार?

त्या फोननंतर महिन्याभरानं मी त्या केमिस्टच्या दुकानात गेलो, माफी मागितली, आणि आम्ही दर महिन्याच्या एका रविवारी बसायचं ठरवलं. चार डॉक्टर, पाच केमिस्ट, चहा घरचा. पहिला विषय जुलाब. मीठ-साखरेच्या पाकिटाचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली बदललं, क्षार आणि ग्लुकोज कमी केले. २००४ साली त्याच्या जोडीला दहा ते चौदा दिवस झिंक सांगितलं. आम्हा चौघांतले दोघे झिंक लिहीत नव्हते. मग एक केमिस्ट म्हणाला, ‘लिहून काय उपयोग? जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी आया गोळ्या बंद करतात, आणि लिटरभर पाण्याचं पाकीट पेल्यात कालवतात.’ ही माहिती मला कुठल्याही हॉलमध्ये मिळाली नसती. ती काउंटरवरच मिळते.

ज्ञान वरूनच खाली येतं असंही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाचे रुग्ण रात्र-रात्र जवळ बसून पाहिले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध अशा रुग्णांना वाचवतं हे दाखवलं. तालुक्याच्या गावातलं हे निरीक्षण ‘लान्सेट’मध्ये छापून आलं. सयाजीरावांच्या काळी बडोदे राज्यात फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव जायच्या. विंचवाची ही माहिती तशी पेटीतून वाड्यावस्त्यांवरच्या दवाखान्यांत गेली असती तर, असं माझ्या मनात येतं.

एक विनंती तुम्हालाही. आपल्या जुन्या घरांत चिठ्ठ्या जपून ठेवायची रीत आहे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाखाली. ‘डॉक्टरकाकांनी दादाला दिलं होतं तेच आण’ म्हणून ती चिठ्ठी धाकट्या भावंडांसाठी दुकानात जाते. त्या डब्यात माझीही २०११च्या आधीची अक्षरं असतील. तो डबा आज घरी गेल्यावर उघडा. माझी चिठ्ठी सापडली तर फाडून टाका, राग येणार नाही. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात आलात की मला विचारा, ‘काका, हल्ली नवीन काय वाचलंत?’ मी गडबडलो तर कोपऱ्यावरचं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.