मैत्रिणीसाठी एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भावासाठी भाऊबीज आहे, वडासाठी वटपौर्णिमा आहे, नागोबासाठीदेखील पंचमी आहे. पण मैत्रिणीसाठी आपल्या पंचांगात एकही दिवस नाही. म्हणून लग्न झाले की आधी सुटते ती मैत्रीण. तिच्याकडे जायला निमित्त लागते आणि निमित्त कोणी देत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी ते आपले आपणच काढले, त्याची हकीकत आज सांगणार आहे.

माझी ही मैत्रीण पुण्याच्या वसतिगृहातली, एका खोलीतली. पुढे ती बोरिवलीला संसाराला लागली आणि फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरी करू लागली. दिवाळीची पत्रे, मग फोन, एवढ्यावर आमचे भागत होते. प्रत्यक्ष भेट एकतीस वर्षांत नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. आता मुलगी तिला नागपूरला कायमची न्यायची म्हणते. फोनवर ती एवढेच म्हणाली, "जाण्याआधी एकदा ये गं." मी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरले. केस पांढरे, चष्मा जाड. पण गर्दी कापीत येण्याची ती घाई अगदी जुनी. एकमेकींकडे पाहून आम्ही आधी हसलो, मग डोळे पुसले.

गंमत अशी, की मुंबई दाखवणार होती ती, आणि तिनेच ती पाहिली नव्हती! 5 मे 1992 रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर खास बायकांची लोकल सुरू झाली. त्या गाडीत तिने भाजी निवडली, हळदीकुंकू केले, सुखदुःखे वाटून घेतली. पण गाडी ते कचेरी आणि कचेरी ते गाडी, यापलीकडे पाऊल वळवायला वेळ कुठला? "तीस वर्षं या रस्त्यांनी पळत गेले," ती म्हणाली, "चालते आहे ती आज!"

स्थानकाबाहेर उभे राहून आम्ही प्रथम मान वर केली. 1878 ते 1888 अशी दहा वर्षे ही इमारत बांधली जात होती. फ्रेडरिक स्टीव्हन्स हे तिचे वास्तुशिल्पी. कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. 2004 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली एक स्त्री उभी आहे. तिचे नाव 'प्रगती'. मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढी वर्षं ही इथे उभी, आणि आमची ओळखच नाही!"

तिथून रमतगमत टाउन हॉलकडे गेलो. ही इमारत 1833 ची. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तिथेच आहे. समोरच्या तीस पायऱ्या आमच्या गुडघ्यांनी दोन मुक्काम करून चढल्या. वरच्या पायरीवर बसून माझ्या डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथेच तिने मनातले सांगितले. "मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे. पण तिथे मी फक्त कोणाची तरी आई. माझ्या नावानं हाक मारणारं तिथं कोण आहे?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तिचा हात हातात घेतला.

पुढे हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांना हात जोडले. मग ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर पाहिला. 1878 साली पुरा झालेला हा 280 फुटी मनोरा. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसा दिला आणि त्याला आईचे नाव दिले. कोणाची तरी आई म्हणूनच ती जगाला ठाऊक झाली. पण नाव मात्र तिचे स्वतःचे राहिले, हे मी मैत्रिणीला मुद्दाम दाखवले.

दुपारी हुतात्मा चौकातून भुयारी मेट्रोने गिरगावला गेलो. हा मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये पुरा सुरू झाला. सरकते जिने उतरताना दोघींनी एकमेकींचा पदर घट्ट धरला होता! तिसऱ्या स्थानकावर उतरलो, थालीपीठ आणि पीयूष घेतले, आणि लोहाणा निवास शोधीत निघालो. 15 मार्च 1959 रोजी इथल्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. तिथे लाटणारी बाई नोकर नाही, मालकीण आहे. आणि सगळ्या जणी एकमेकींना 'बेन' म्हणतात, म्हणजे बहीण.

मैत्रीण बराच वेळ गप्प होती. संध्याकाळी चौपाटीवर, सूर्य पाण्याला टेकला तेव्हा म्हणाली, "नागपूरला गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिथलं महिला मंडळ शोधीन. नसलंच, तर सात जणी काही जड नाहीत." आणि वसतिगृहात हसायची तशी खळखळून हसली. भेळेचा तिखटपणा डोळ्यांत उतरला, असे आम्ही दोघींनी ठरवून टाकले.

ती आता नागपुरात आहे. परवाच तिचे पत्र आले. मंडळ सापडले आहे, आणि तिथल्या चिवड्याच्या पाककृतीवरून तिचे पहिले भांडणही झाले आहे! नावाने हाक मारल्याखेरीज भांडता येत नाही, तेव्हा माझी काळजी मिटली.

भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकीची अशी एक मैत्रीण कुठे ना कुठे आहे. पुढच्या वर्धापनदिनाच्या आत तिच्यासाठी एक दिवस काढा. शहर मोठे असो की लहान, पाहायचे पुष्कळ असते. बरोबर कोण आहे यावर ते दिसते.